डाव्या बाजूची दोन चाकं

नवऱ्याचा उजवा खांदा आखडला. महिनाभर हात वर करायचा नाही, असं डॉक्टरांनी सांगितलं, तेव्हा त्याच्या गाड्या मी धुवायला लागले. परळच्या एका टॉवरमध्ये तो सात गाड्या धुतो. आमच्या काळाचौकीच्या खोलीपासून चालत वीस मिनिटं. सासरे गिरणीत सुरुवातीला बदलीवर लागले होते, तशी मी नवऱ्याच्या बदलीवर लागले. पार्किंगमध्ये कुणाशी बोलावं लागणार नाही, याचं मला बरं वाटलं होतं.

त्याआधी बरीच वर्षं मी दादरला एका ऑफिसच्या इमारतीत जिने आणि संडास धुवायचे. तिथं कसलाही डाग असो, माझ्याकडे ॲसिडची बाटली असायची. तोंड बाजूला करून ओतायचं, मनात शंभरपर्यंत आकडे म्हणायचे आणि पाणी मारायचं. पिवळी लादी पांढरी व्हायची. ऑफिसातल्या मॅडम एकदा चारजणींसमोर म्हणाल्या होत्या, "हिच्यासारखी लादी कुणाची नाही." मला कधी कुणी एवढं म्हटलेलं नव्हतं. ते मी विसरले नाही.

नवऱ्यानं खाटेवर बसून मला काम शिकवलं. वरून खाली यायचं, चाकं शेवटी. चाकांचा कपडा वेगळा, तो गाडीला लावायचा नाही. साबण म्हणजे शॅम्पू, भांड्यांचा साबण नको. ॲसिड लावू नको असं तो म्हणाला नाही. गाडीला कुणी ॲसिड लावील हे त्याच्या डोक्यातच आलं नसणार.

सातांपैकी एक गाडी एका म्हाताऱ्या साहेबांची. ख्रिश्चन आहेत, गिरगावातल्या वाडीत वाढलेले, मराठी आमच्यासारखंच बोलतात. दसऱ्याला गाडीला झेंडूचा हार घालतात. आमच्या वाडीत सगळेच घालायचे, म्हणतात. नवऱ्याला हे टॉवरचं काम त्यांनीच मिळवून दिलं. बाकीच्या सहा गाड्याही त्यांच्या शब्दावर मिळाल्या. त्यांच्या गाडीची चाकं चंदेरी, जाळीची. नवरा त्यांना मॅगव्हील म्हणतो. त्या जाळीत ब्रेकची काळी भुकटी बसलेली असायची. मी रोज घासायची, पण कोपऱ्यातली काही निघायची नाही. नवऱ्याचा हात अडला आणि गाडी काळी राहिली असं व्हायला नको, हे माझ्या मनात सारखं असायचं.

दसरा चार दिवसांवर होता. साहेब पहाटे चर्चला जाऊन नुकतेच आले होते. गाडी लावून वर गेले. मी घरून छोट्या बाटलीत ॲसिड आणलं होतं. गाडीची डावी बाजू भिंतीकडे असते, तिथं अंधार असतो. कुणाला दिसू नये म्हणून मी त्या बाजूनं सुरुवात केली. चाकं अजून गरम होती. ओतल्याबरोबर चर्र झालं, धूर आला, नाकात झोंबलं. काळं मात्र सगळं वाहून गेलं. पुढचं चाक केलं, मागचं केलं. तेवढ्यात वॉचमन हाक मारत आला आणि मी पाणी मारून बाटली पिशवीत लपवली. ओली चाकं नव्यासारखी दिसत होती. घरी जाताना मला मॅडमचं ते वाक्य आठवत होतं.

दुसऱ्या दिवशी बघितलं तर दोन्ही चाकं पांढरट. ताक सांडून वाळावं तसे ओघळ. चमक होती तिथं बोट फिरवलं तर खरखरीत लागलं. मी ओल्या कपड्यानं पुसलं. ओलं असताना जायचं, वाळलं की परत यायचं. घासून घासून नखं दुखली. बाकीच्या गाड्या त्या दिवशी कशा धुतल्या मला आठवत नाही.

घरी नवरा रोज त्याच्या मालवणीत एकेका गाडीची चौकशी करायचा.

"साहेबांची झाली? चाकां साफ निघाली काय?"

"निघाली."

"सगळी?"

"जेवून घ्या ना. भात निवतोय."

त्यानं एक घास घेतला आणि माझ्याकडे बघितलं. "काय झालां तुका? आमटीत दोनदा मीठ घातलंस."

मी म्हटलं, डोकं दुखतंय.

मग मला खोबरेल तेलाची युक्ती सुचली. तेल लावलं की पांढरं दिसेनासं व्हायचं. मी पहाटे सगळ्यांच्या आधी जाऊन तेल चोळायची. दुपारी घरात बसवायचं नाही. धुतलेली भांडी परत धुवायची, गॅलरीत जाऊन उभी राहायची, नवऱ्याचा फोन वाजला की दाराआडून ऐकायची. एकदा भाजी आणते सांगून निघाले आणि थेट टॉवरच्या गेटापर्यंत गेले. गाडी आहे तिथंच उभी आहे ना, एवढंच बघून परत आले. भाजी आणलीच नाही. शिवाय तेलावर धूळ बसत होती. चौथ्या दिवशी चाकं तवा खरवडल्यासारखी दिसायला लागली.

दसऱ्याच्या सकाळी साहेबांनी गाडी भिंतीपासून पुढे घेतली, त्यांच्या मिसेसना डावीकडून बसवायचं होतं म्हणून. मी शेजारच्या गाडीची काच पुसत होते.

"अरे देवा! हे काय? चाकाला खरूज लागलीय की काय?" साहेब खाली वाकले, बोट लावलं, वास घेतला. "तेल? कुणी तेल लावलं?"

मी काच पुसत राहिले.

त्यांनी स्वतःच ठरवलं. आठवड्यापूर्वी गाडी सर्व्हिसिंगला दिली होती. त्या लोकांनी कसलंतरी कडक औषध मारलं आणि वरून तेल फासून दिलं. तिथल्या तिथं सर्व्हिस सेंटरला फोन लावला आणि तिथल्या माणसाला आई-बहिणीवरून नाही, पण त्याच्या जवळपास जाऊन बोलले. फोन ठेवून माझ्याकडे वळले.

"तुझा नवरा चार वर्षं धुतोय. एक ओरखडा नाही. त्याला सांग, उद्या माझ्याबरोबर सर्व्हिस सेंटरला यायचं. तोंडावर सांगायचं त्यांना, आमच्याकडे साबण-पाण्याशिवाय काही लागत नाही म्हणून. येईल ना?"

"हो साहेब," मी म्हटलं. चार दिवसांत मी त्यांच्याशी बोललेले हे पहिले दोन शब्द.

निरोप मी दिला. देणं भाग होतं, नाहीतर साहेबांनी फोन केलाच असता. नवरा एवढा खूश झाला की खांदा विसरला. "बघ, साहेब माका साक्षीक नेतत. माझ्या शब्दाक किंमत आसा." शेजाऱ्यांना सोनं वाटायला गेला तिथंही सांगून आला. मी आपट्याची पानं हातात घेऊन दारात उभी राहिले. आत जावं की बाहेर, कळत नव्हतं.

सकाळी त्यानं इस्त्रीचा शर्ट काढला. हात वर होत नाही, म्हणून बाही मी चढवत होते. बटणं लावताना तो मनाशी वाक्यं जुळवत होता. आमच्या हातून गाडीला साबण-पाण्याशिवाय काही लागत नाही साहेब, देवाशपथ. तिसऱ्या बटणाशी माझे हात थांबले.

"शपथ घेऊ नका."

"कित्याक?"

"मीच लावलं."

"काय लावलंस?"

"ॲसिड. दादरला लावायचे ते."

तो खाटेवर बसला. उरलेली बटणं उघडीच. मग म्हणाला, "चारी?"

"दोन. भिंतीकडची."

"आणि माका थयसर उभो करून खोटा बोलूक लावतलंस? शेजाऱ्यांका सांगून इलंय मी!" आवाज एवढा चढला की गॅलरीतल्या बायका बोलायच्या थांबल्या. मग खाली आला. "काम गेला तर सातय गाडयो जातल्यो. कळता तुका?"

कळत होतं. चार दिवस तेवढंच कळत होतं.

"चल," तो म्हणाला. "तूच सांगूचा. मी नाय बोलूचंय."

साहेब गाडीपाशी तयार उभे होते. नवरा माझ्या मागे दोन पावलांवर थांबला. मी चाकाकडे बघून बोलले, साहेबांकडे बघणं जमलं नाही. "साहेब, सर्व्हिसवाल्यांनी नाही केलं. मी ॲसिड मारलं. तेलपण मीच लावलं." आणखी सांगायचं होतं, पण तेवढंच आलं.

साहेबांनी चष्मा काढला. "काल मी इथं ओरडत होतो तेव्हा तू कुठं होतीस?"

"इथंच."

"इथंच! आणि त्या माणसाला मी नको नको ते बोललो." त्यांनी फोन लावला आणि माझ्यापुढे धरला. "सांग. मला सांगितलंस ते त्याला सांग."

मी नात्यातल्या माणसांशीसुद्धा फोनवर धड बोलत नाही. पलीकडून 'हॅलो, हॅलो' येत होतं. मी म्हटलं, "काल साहेब तुम्हाला बोलले ना, ती चाकं तुमच्यामुळे नाही, माझ्यामुळे खराब झाली."

त्यानं विचारलं, "काय मारलं होतं, ताई?"

"संडासाचं ॲसिड."

"चाक गरम होतं?"

"हो."

"मग संपलं. वर काचेसारखा एक थर असतो, तो जळाला. घासून काही होणार नाही, चाक सोलून नव्यानं रंगवावं लागतं. साहेबांना सांगा, मी रात्रभर माझ्या पोरांना झापलं." आणि त्यानं फोन ठेवला.

मी ते साहेबांना जसंच्या तसं सांगितलं, पोरांना झापल्याचंही. ते ऐकून साहेब माझ्याकडे पाठ करून उभे राहिले. नवऱ्याला म्हणाले, "तुझा खांदा बरा झाला की ये. तोपर्यंत माझी गाडी मळू दे. हिनं हात लावायचा नाही."

"आणि बाकीच्यो, साहेब?" नवऱ्याचा आवाज मला ओळखू आला नाही.

"बाकीच्यांना तू सांग काय झालं ते. मी सांगणार नाही. ठेवायचं की नाही ते त्यांनी ठरवावं." ते गाडीत बसले आणि गेले.

नवऱ्यानं त्याच दिवशी सहा घरांच्या बेल वाजवल्या. मी लिफ्टपाशी उभी राहिले. चौघांनी हो म्हटलं. एकानं विचार करतो म्हणून दार लावलं, एकानं नको म्हटलं. खाली आल्यावर नवरा खांबाला टेकून बसला आणि मी बादली भरली. चौघांपैकी पहिल्याची गाडी वरून खाली धुतली, पण चाकाशी बसले तर कपडा पुढे जाईना.

"पाणी मारू?" मी विचारलं.

"मार."

"शॅम्पू?"

"थोडो."

मी बोटानं घेऊन त्याला दाखवला. त्यानं मान हलवली, तेव्हा लावला.