चढावरचं प्रेशर

"म्हाताऱ्याला नाही कळायचं. पोरीशी बोल, इंग्लिशवाली दिसते."

लातूरच्या सर्व्हिस सेंटरमध्ये काउंटरमागे एकाने दुसऱ्याला हळूच सांगितलं. मी ऐकलं आणि फोनकडे बघत राहिले.

शिरूर अनंतपाळहून पप्पांनी मला मुद्दाम आणलं होतं. "आमची इंग्रजीत बोलंल, मग ऐकतेत बघ," निघताना ते आईला म्हणाले होते. गेल्या आठवड्यात आई पप्पांच्या शेजारी बसलेली, मागे दुकानाचा माल, आणि चढावर गाडीचा जोरच गेला. मागून ट्रक हॉर्न देत आला होता. तेव्हापासून आई गाडीत बसत नव्हती.

ज्याला सांगितलं तो मुलगा टॅब घेऊन थेट माझ्याकडे आला. या गाडीचा फ्युएल पंप, म्हणजे टाकीतून इंजिनला पेट्रोल देणारा पंप, एकाच वेगाने चालत नाही, तो इंग्रजीत सांगू लागला. सेन्सर पेट्रोलचं प्रेशर मोजतो, त्यावरून कंट्रोल युनिट पंपाचा वेग ठरवतं. गाडी उभी असताना कमी, जोर लागला की जास्त. स्क्रीनवरचा आकडा स्थिर होता. सगळं नॉर्मल आहे.

मी "ओके", "राइट" म्हणत गेले. मला ते बोलणं आवडतही होतं. पप्पा आमच्या मधे उभे राहून आळीपाळीने दोघांकडे बघत होते. मी मान हलवली की तेही हलवत.

"पर चढाला वढंना गेली ना ती..."

"पप्पा, थांबा ना जरा."

ते थांबले. मुलगा गालात हसला, आणि त्याच्याबरोबर मीही.

"काय म्हणला?" पप्पांनी नंतर विचारलं.

"काही प्रॉब्लेम नाही म्हणतात."

"बरं." त्यांनी किल्ली खिशात टाकली. "मग माझंच काहीतरी चुकत असंल."

दुकानात, घरात, कुणापुढेही त्यांनी असं म्हटलेलं मी ऐकलं नव्हतं. माझे कान तापले. गाडी तर इथे उभीच होती. जोर लागल्यावर पंप वेग वाढवतो की नाही, हे कुणी बघितलंच नव्हतं. पप्पा तेवढंच सांगत होते आणि मी त्यांना गप्प केलं होतं.

मुलगा दुसऱ्या गाडीकडे निघाला होता. मी हाक मारली. आवाज नको तितका मोठा आला, काउंटरमागचा दुसराही वळला.

"उभ्या गाडीचं प्रेशर बघून चालणार नाही. चौघं बसवून चढावर न्या, तिथे बघा. पप्पा सोबत येतील. आणि जे काही निघेल ते त्यांना सांगा, मराठीत. गाडी त्यांची आहे."