भिंतीवरची घोंगडी

ग्रीसच्या डोंगरातल्या एका खाणावळीत जेवण येईपर्यंत मी भिंतीवरचे फोटो पाहत बसले होते. एक नट, एक फुटबॉलपटू, एक मंत्री, एक डॉक्टरीणबाई. सगळ्यांच्या खांद्यावर एकच काळी, जाडीभरडी घोंगडी.

"सगळे आमचे, आरोमानियन," मालकीणबाई म्हणाल्या. "आम्ही मूळचे मेंढपाळ, स्वतःचा देश नसलेले. जग यांना कुणाला ग्रीक म्हणतं, कुणाला रुमानियन. पण गावी आले की माझ्या सासऱ्यांची घोंगडी पांघरून फोटो काढल्याशिवाय जात नाहीत."

खुंटीवरची ती घोंगडी त्यांनी कौतुकानं माझ्याही खांद्यावर टाकली. लोकरीचा, धुराचा, मेंढरांचा वास आला आणि मी चपापले. माझे आजोबा मेंढरं राखायचे. त्यांची घोंगडी पुण्याच्या फ्लॅटमध्ये माळ्यावर आहे, पिशवीत पिशवी घालून बांधलेली, पाहुण्यांना वास येऊ नये म्हणून.

फोटोतली माणसं किती निवांत दिसत होती! मोठं झालं की हा वास लपवायचा असतो, हे त्यांना कुणी सांगितलंच नसावं. मी तर मोठीही झाले नाही. नुसतीच लपले.

"तुमच्याकडे असतं का असं काही?" बाईंनी विचारलं.

"छे, आमच्याकडे उकाडा फार," मी म्हणाले. आणि बोलता बोलता माझ्या हातांनी घोंगडीचं टोक दुमडून तिची खोळ केली, डोक्यावर घेतली.

बाई माझ्या हातांकडे बघत राहिल्या. "माझे सासरेही अशीच घ्यायचे," त्या हलकेच म्हणाल्या आणि माझाही फोटो काढायला त्यांनी फोन उचलला.

फोटोसाठी मला मान वर करवेना.