राखणीचं कुत्रं

माझ्या कॉलेजातल्या गुरुजींनी पुणे सोडताना आपला रेडिओ मला देऊन टाकला. सांगोल्याकडच्या मेंढपाळाच्या घरातला मी पहिला पदवीधर. त्या लाकडी पेटीला हात लावण्याआधी मी हात धुवत असे.

सोलापुरात शुक्रवार पेठेतल्या आमच्या भाड्याच्या खोल्यांत तेव्हा वीज नवीन होती आणि तिचा भरवसा नव्हता. मागच्या भिंतीपलीकडे एका तेलुगू विणकराचा कारखाना होता. त्याचे माग विजेवर चालत. ते चालू असले की आमचे दिवे मंद होत. दिवेलागणीला सगळे माग एकदम थांबले की तेच दिवे भसकन पांढरे पडत. अशाच एका झटक्यात रेडिओतला एक व्हॉल्व्ह, म्हणजे आतली काचेची नळी, जळाला. गुरुजींनी एक जादा दिला होता, तो बसवला. हाही गेला असता, तर तसला दुसरा कुठे मिळाला नसता.

मला शिकवण्यासाठी जिने माझ्या वाटणीचीही मेंढरं राखली, ती माझी थोरली बहीण आमच्याकडे राहत होती. दिवे पांढरे पडले की आक्का ओरडे, "बुजली रं, बुजली!" मेंढरं बुजतात तशी वीज बुजली.

मग मी रेडिओच्या तारेत मध्येच एक दिवा जोडला. रेडिओची वीज आधी त्या दिव्यातून जाई आणि जास्तीचा जोर दिवाच सोसे. आक्काने बघितलं आणि म्हणाली, "म्हंजी ह्ये राखणीचं कुत्रं की!" तेव्हापासून आमच्या घरात रेडिओ लावण्याआधी "कुत्रं पेटलंय का?" असं विचारण्याची रीत पडली.

अशात मला मुंबईच्या रेडिओवर भाषणाचं बोलावणं आलं. विषय होता मेंढपाळांच्या बोलीतले शब्द. निम्मे शब्द आक्काचेच होते.

"माजं बोलणं मुंबैला जाऊन परत हितं येणार व्हय?" ती म्हणाली. "मग ऐकायलाच पायजे की."

मी मुंबईला गेलो. पुढचं बायकोने सांगितलं ते असं. भाषणाच्या दिवशी दुपारी पुसताना राखणीचा दिवा आक्काच्या हातून निसटला आणि फुटला. तेवढ्या ताकदीचा दुसरा दिवा घरात नव्हता. भाषण नेमकं दिवेलागणीला, माग थांबण्याच्या वेळेला.

"वन्सं, आज राहू दे," बायको म्हणाली. "व्हॉल्व्ह जळला तर रेडिओच गेला."

आक्का तडक मागच्या कारखान्यात गेली.

"मामा, आज माग जरा उशिरा थांबवा."

"का अक्का?"

"माजा भाऊ रेडिओत बोलणार हाय. तुमी थांबलात की वीज बुजती."

विणकरमामा हसले. "तुझा भाऊ तोंड चालवणार म्हणून आम्ही हात चालवायचे?"

"चार हात कापड जास्त निगंल की! तोट्यात न्हाय तुमी."

मागावरची माणसंही हसली, पण घरी न जाता कामावर राहिली. माग चालत राहिले, दिवे मंदच राहिले आणि बायकोने दिव्याविना तार सरळ जोडून रेडिओ लावला. पण भिंतीपलीकडे असा खडखडाट, की शेजारी बसलेल्या बायकोलाही शब्द कळेना. आक्का पेटीच्या लाकडाला कान लावून शेवटपर्यंत बसली. रेडिओ बंद केल्यावर तिने मागच्या दारातून हाक दिली, "थांबवा आता!" त्या क्षणी दिवे पांढरे पडले.

मी परतलो तो मुंबईहून राखणीसाठी जादाचे दोन दिवे घेऊनच. पिशवी खाली ठेवण्याआधी विचारलं, "आक्का, ऐकलंस?"

"बोलणं न्हाय कळलं," ती म्हणाली. "पर मदीच घसा खाकरलास. तवा म्हनलं, आमचाच हाय ह्यो." मग हळूच म्हणाली, "आन् 'बुजणं' म्हनलास. त्ये लख्ख ऐकू आलं."

मी दिवा जोडत होतो, तेवढ्यात भिंतीपलीकडून विणकरमामांचा आवाज आला, "अक्का, थांबवतोय हां!"

त्यांना कोणी सांगितलं नव्हतं. त्यानंतर ते रोज तशी हाक देऊ लागले. कुत्रं राखणीला असलं तरी आम्ही रेडिओ बंद करायचो आणि दिवे पांढरे पडून सावरले, की आक्का उलट ओरडायची, "आला कळप जाग्यावर!"