भाचीच्या दातांना तारा

आमच्या घरात कॉलेजची पायरी चढलेली मी पहिली. बी.कॉम. झाले, अलिबागला नोकरी धरली, आणि हे सांगायला मी कधी लाजले नाही. म्हणूनच भावाच्या पोरीचे दात पुढे यायला लागले तेव्हा तिला डॉक्टरकडे न्यायचं काम माझ्यावर आलं. पोरगी चौथीत. भाऊ म्हणाला, "ताई, तारा बसवून टाक. पुढे लग्नाला अडायला नको."

दातांच्या डॉक्टरबाईंनी दातांच्या आधी तिचा चेहरा बघितला. डोळ्यांखाली काळं, तोंड उघडं.

"झोपेत घोरते का?"

पोरगीच बोलली, "आजी तोंड बांधते ना माझं. मग नाय घोरत."

बाई माझ्याकडे बघायला लागल्या. मग मला सांगावं लागलं. दात पुढे आलेल्या मुलीच्या हनुवटीखालून ओढणी घ्यायची, डोक्यावर गाठ मारायची आणि तशीच झोपवायची. तोंड मिटलं की दात मागे जातात, अशी आमच्या घरातल्या बायकांची समजूत.

"हिचे टॉन्सिल वाढलेत. नाकामागेही मांस वाढलं असणार," बाई म्हणाल्या. "नाक बंद, त्यात तोंड बांधलेलं. पोरीनं श्वास घ्यायचा कुठून?" तारांचं नंतर बघू, आधी कान-नाक-घशाच्या डॉक्टरांना दाखवा, आणि झोपेतला व्हिडिओ काढून न्या, असं त्यांनी बजावलं.

रविवारी गावी जेवणं झाल्यावर ती चटईवर झोपली, तेव्हा ओढणी न बांधता व्हिडिओ काढला. छाती आत ओढली जायची, श्वास थांबायचा, आणि बुडणारं माणूस वर यावं तशी ती हबकून हवा घ्यायची. आई शेजारी तांदूळ निवडत होती.

"तुला बी बांधलं व्हतं मी. तुझं दात हायत का न्हाय सरळ? तवा कुठं गेला व्हता तुझा डागदर?"

घशाच्या डॉक्टरांनी तपासून ऑपरेशन सांगितलं. मी भावाला व्हिडिओ दाखवला, तर तो हसायला लागला.

"माझीच पोर ती! कंपनीत माझ्या घोरण्याला सायरन म्हणतात."

ऑपरेशनचं ऐकल्यावर त्याचं हसू गेलं. "दाताला नेलीस आणि गळ्याला सुरी लावायचं ठरवून आलीस? शिकलीस ती स्वतःसाठी शिकलीस. माझ्या पोरीवर नको." वहिनी मान खाली घालून भांडी घासत राहिली.

पुढे त्यानं तिला दुसरीकडे नेऊन तारा बसवून घेतल्या. तिथं झोपेचं कुणी विचारलंच नाही. परवा त्याचा फोन आला, दात कसे रांगेत यायला लागलेत ते सांगायला.

"तिला दे फोन."

"झोपलीय. शाळेतून आली की आडवी होते. बाई सांगतात, वर्गात पण पेंगते."

मागून तिचं घोरणं ऐकू येत होतं. मग ते तुटलं. भाऊ तारांबद्दल बोलतच होता.

"गप्प बस जरा," मी म्हटलं. "ऐक."

"काय ऐकू?" तो म्हणाला. "काहीच तर आवाज नाय."