केसर घोडीतला एक आणा

आवडाबाईकडं शर्यतीची घोडी होती, पण अख्खी नव्हे. रुपयातला एक आणा एवढीच. उरलेले पंधरा आणे दोन पुरुषांचे: साडेसात येसाजीचे, साडेसात कोंडाजीचे. आणि या साडेसातांचं त्या साडेसातांशी एवढं वाकडं, की मधे तो एक आणा नसता तर घोडी किहीमच्या समुद्राकाठच्या पुळणीवर उभ्या उभ्या फाटली असती.

मुळात दोघांनी ती आठ-आठ आण्यांच्या भागीत घेतली. पेणच्या बाजारात विकणाऱ्यानं पालीच्या बल्लाळेश्वराची आण घेऊन सांगितलं की हिची आई महालक्ष्मीच्या मैदानावर पळलेली. येसाजीला तेवढंच पुरलं. तीस वर्षं मुंबईच्या गोदीत राबताना दर रविवारी त्या मैदानाच्या कुंपणाबाहेर उभं राहून त्यानं घोड्यांची सगळी विद्या मिळवली होती. गावी परतला तो डोक्यावर साहेबी टोपी आणि तोंडात 'जॉकी' नि 'फेवरिट' घेऊनच. कोंडाजी खाडीकडचा मिठागरवाला, बायकोच्या माहेरी येऊन राहिलेला. त्याच्या आज्यापासून दारात शर्यतीचे बैल. घोडा म्हणजे शिंगं नसलेला बैल, यापलीकडं त्याला काही मान्य नव्हतं.

घोडी बांधायची कुठं, इथंच पहिली ठिणगी पडली. येसाजीच्या दारी बांधली तर कोंडाजीला झोप येईना, कोंडाजीच्या दारी बांधली तर येसाजीच्या घशाखाली घास उतरेना. दोघांच्या घरांमधे आवडाबाईची नारळाची वाडी. नवरा जाऊन सहा वर्षं झालेली, लेक रेवदंड्याला दिलेली, पडवी रिकामी.

"भाडं काय घेशील, वैनी?" येसाजीनं विचारलं.

"भाडं कशाला? वाटा द्या," आवडाबाई म्हणाली. ती चेष्टेत म्हणाली, पण दोघांनी तिथल्या तिथं अर्धा-अर्धा आणा काढून दिला, कारण एकानं दिला नि दुसऱ्यानं नाही दिला असं व्हायला नको होतं.

विहिरीवर बायांना आयतं कोलीत मिळालं. रंगू तर रोज विचारायची, "आवडे, तुजा आणा घोडीच्या कोनच्या अंगाला गं?"

"शेपटाला. म्हून तर तुज्याकडं माश्या हाकलता येतात."

सरकारनं नवे पैसे काढले तेव्हा येसाजीनं हिशेब करून सांगितलं, की वैनी, आता तुमचा वाटा सहा नये पैसे आणि वर पाव. पाव पैशाचं नाणं निघालेलं नाही, त्याचं काय करायचं? आवडाबाई म्हणाली, "पाव पैसा म्हंजे तिची शिंक. ती तुमी ठेवा, भावजी."

येसाजी घोडीला 'क्वीन' म्हणायचा, कोंडाजी 'वाघीण'. आवडाबाई म्हणायची केसर. येसाजी म्हणायचा दुधात अंडी फोडून द्या, कोंडाजी म्हणायचा भाताचा कोंडा नि मूठभर मीठ. नाल दिवाळीआधी ठोकायचे की नंतर, चाबूक हवा की नुसती जीभ वाजवायची, एकेका गोष्टीवर पडवीत दोघांचे आवाज चढायचे आणि शेवटी दोघं वळून विचारायचे, "आणा कुनाकडं?"

हे विचारलं की आवडाबाई सावकाश मिश्री लावायला बसायची. घाई करायची नाही. कारण निकाल लागायच्या आधीच्या दोन दिवसांत येसाजीकडून मुंबईची बिस्किटं यायची आणि कोंडाजीच्या घरून सुक्या कोळंबीचे सोडे. जन्मात तिला कुणी "तुजं काय मत?" म्हणून विचारलं नव्हतं. आता साडेसात आण्यांचे दोन बाप्ये तोंडाकडं बघत बसायचे. ती मनातल्या मनात फुगडी घालायची.

आणि दुसरं सुख दुपारनंतरचं. लुगड्याचा कासोटा घट्ट खोचून ती केसरला सुरूच्या बनातून थेट समुद्रावर न्यायची. वाडीसमोरच दोघी पाण्यात शिरायच्या. केसर फुरफुरायची, मान पाण्यात घालून आवडाबाईला चिंब करायची. रात्री पडवीतून घोडीचा श्वास ऐकू यायचा, तेव्हा घर भरल्यासारखं वाटायचं. हे मात्र तिनं विहिरीवर कुणाला सांगितलं नव्हतं.

घोडी दोन वर्षांत परगावच्या तीन शर्यती पळली आणि तिन्हींत शेवटची आली. मग एके दिवशी आक्रीत घडलं. येसाजी नि कोंडाजी एकाच वेळी पडवीत आले आणि एकाच तोंडानं बोलले.

"दत्तजयंतीला हरली तं इकायची," कोंडाजी म्हणाला.

"पेणचा भागोजी टांगेवाला घेतोय," येसाजीनं जोड दिली.

दोघांचं जमलंय म्हटल्यावर आवडाबाईनं हातातली मिश्रीची डबी मिटली. आता आणा कुणाकडं पडून उपयोग?

दत्तजयंतीला दुपारी भरती येऊन गेली, सांजेला ओहोटीनं ओली पुळण फरशीसारखी कडक पडली. पाच एकघोडी गाड्या लागल्या. निशाण आवासच्या अंगाला. केसरच्या गाडीवर दादू, कोंडाजीचा मेव्हणा, चाळिशीचा पण बोंबलासारखा वाळका. वजन नाही म्हणूनच त्याला हाकायला घेतलेला.

इशारा झाला आणि केसर सुटली ती बंदुकीतून सुटल्यासारखी! अंड्यांचा गुण म्हणा, कोंड्याचा म्हणा, दोन गाड्या मागं पडल्या, तिसरी पडली, चौथ्या घोड्याच्या नाकाला केसरचं शेपूट लागायला लागलं. येसाजीनं टोपी हवेत उडवली. कोंडाजी "हाण वाघीण!" म्हणत नाचायला लागला. दोघं एकमेकांच्या गळ्यात पडले. आवडाबाईनं रंगूच्या पाठीत असा धपाटा घातला की ती खाली बसली.

आणि आवडाबाईच्या वाडीसमोर येताच केसर डावीकडं वळली. चांगली ऐटीत वळली, आणि गाडी, दादू सगळ्यांसकट समुद्रात गेली. पोटापर्यंत पाणी आलं तशी थांबली, मान पाण्यात घातली नि फुरफुरली.

"अरे मेलो! मना पोहता नाय येत!" दादू गाडीत उभा राहून बोंबलत होता. पाणी त्याच्या घोट्यापर्यंत होतं. पुळणीवर हजार माणसं पोट धरून लोळत होती. आवडाबाईला आधी हसू फुटलं, इतकं की डोळ्यांतनं पाणी आलं. मग ते पाणी थांबेना.

दुसऱ्या दिवशी सकाळी भागोजी दोरी घेऊन पडवीत हजर. येसाजी नि कोंडाजी मान खाली घालून बसलेले.

"माजा आणा इकायचा न्हाय," आवडाबाई म्हणाली.

"वैनी, असं कसं? ठरलंय ना?"

"तुमचं ठरलंय. पंधरा आण्यांचं. माजं कुनी इचारलं? गावकीचा रिवाज काय हाय, कोंडाजीदादा? भागीतलं जनावर सोळा आण्यांच्या होकाराबिगर दावणीचं सुटत न्हाय."

कोंडाजीनं डोकं खाजवलं. रिवाज होता खरा. त्याच्या बायकोच्याच आज्यानं बैलांपायी भांडून पाडलेला.

"तुमचे पंधरा आणे न्या खुशाल," ती भागोजीला म्हणाली. "माजा आणा हितंच ऱ्हायल."

भागोजीनं घोडीकडं बघितलं, मग आवडाबाईकडं. "आनि त्यो आणा भर रस्त्यात बसला म्हंजे?"

"बसंलच. माज्या सवयीचा हाय."

भागोजीनं दोरी गुंडाळली. मोठ्या रदबदलीनं एवढं ठरलं की शिमग्याच्या पुनवेची शर्यत बघायची. त्यात हरली तर आवडाबाई आपल्या हातानं दावं सोडील. तिनं केसरच्या पाठीवर हात ठेवून शब्द दिला.

दोघं मालक दिवसभर त्या वळणावर भांडले. येसाजी म्हणाला लगाम ढिला, कोंडाजी म्हणाला कुणीतरी करणी केली. आवडाबाईला मात्र पाण्यात केसरचं तोंड दिसलं होतं. भ्यालेल्या जनावराचं ते तोंड नव्हतं. रोजच्या जागी रोजच्या अंघोळीला आलेल्या लेकीचं होतं. चूक कुणाची असेल तर आवडाबाईची.

त्या दिवसापासून तिनं वाडीसमोरची अंघोळ बंद केली. दुपार कलली की ती केसरला घेऊन पुळणीनं आवासच्या बाजूला चालत जायची, निशाण लागतं त्याच्याही पुढं शंभर पावलं, आणि तिथं पाण्यात उतरायची. जायला पाऊण तास, यायला पाऊण तास. पहिले आठ दिवस केसर वाडीसमोर पाय रोवून उभी राहिली. आवडाबाईनं ढकललं, ओढलं, शिव्या दिल्या, शेवटी गुळाचा खडा दाखवत उलटी चालली नि खड्ड्यात पडली. रंगूनं गावभर केलं, की आवडी घोडीला घेऊन माहेरपणाला चाललीय.

मालकांना तिनं चकार शब्द सांगितला नाही. सांगितलं असतं तर एकानं म्हटलं असतं उजवीकडं न्हाऊ घाल, दुसऱ्यानं डावीकडं.

शिमग्याच्या पुनवेला सहा गाड्या. भागोजी तीच दोरी खांद्यावर टाकून आलेला. दादूनं या खेपेला पोटाला दोन सुके नारळ बांधलेले, बुडायला नको म्हणून. केसर सुटली. आवडाबाई सुरूच्या बनाशी, वाडीसमोरच उभी होती. दुसरीकडं तिला उभं राहवेना. घोडी जवळ आली, दोन गाड्या तिच्या पुढं होत्या. जुन्या जागेपाशी केसरचा डावा कान समुद्राकडं वळला. मान वळली. आवडाबाईनं लुगड्याचा पदर तोंडात कोंबला. केसरनं एकदा पाण्याकडं बघितलं, एकदा पुढं बघितलं, आणि मग जे पाय उचलले!

केसर म्हणजे अंघोळीला उशीर झालेली बाई होती. दुसऱ्या गाडीला तिनं ढुंकून बघितलं नाही, पहिली गाडी निशाणाच्या अलीकडं दहा हातांवर गाठली आणि निशाण उडवून लावत पार झाली. थांबली मात्र नाही. शंभर पावलं आणखी, मग डावीकडं, आणि समुद्रात!

"वैनी! लेका दादू! क्वीन!" येसाजी टोपी धरून पाण्यात घुसला. मागून कोंडाजी, धोतर सोडून कमरेला गुंडाळत. पंच बक्षिसाचा जरीचा फेटा घेऊन काठावर उभे, पाण्यात कोण जाणार म्हणून एकमेकांना पुढं सारत. आवडाबाई पाऊण तासाची वाट धावत कशी आली तिला कळलं नाही. पाण्यात पोचली तेव्हा श्वास नव्हता, फक्त हसू होतं.

भागोजीही घोट्यापर्यंत आला. त्यानं दोरी खांद्यावरनं काढली. "मी दुप्पट देतो. बोला!"

"इकायची नाय!" येसाजी नि कोंडाजी एका दमात ओरडले. ओरडले आणि एकमेकांकडं बघतच राहिले.

"मी आधी बोललो," येसाजी म्हणाला.

"मना ऐकू आलं नाय. मी आधी."

"अरे, अंड्यांनी जिंकली ती!"

"कोंड्यानं! कोंड्यानं!"

लाटा त्यांच्या पोटावर आपटत होत्या, दादू दोन नारळांसकट गाडीत बसून रडत होता की हसत होता ते कळत नव्हतं. केसरनं मान पाण्यात घालून वर काढली आणि तिघा मालकांवर सारखंच पाणी उडवलं. आवडाबाईनं येसाजीच्या डोक्यावरची टोपी काढली, समुद्रात बुडवली नि भरून त्याच्या हातात दिली.

"भांडा तुमी, कोन नको म्हनतंय," ती म्हणाली. "पन आदी तिच्या पाठीवर वता. आन् कोंडाजीदादा, तुमी त्या बाजूनं चोळा."