सासूबाईंना दाखवलेला मेंदू

आमचे हे दवाखान्यात मेंदूचे फोटो काढतात. एमआरआय मशीन म्हणतात त्याला, पण मी आपली फोटोच म्हणते. माणूस भलताच काटेकोर. खोटं बोलणं औषधालाही नाही. "मुलगी काय म्हणते?" असं कुणी सहज विचारलं, तर "ती बोलत नाही" म्हणून मोकळे होतात.

मुलगी बारा वर्षांची. ऑटिझम आहे तिला. सासूबाईंच्या मते मात्र सगळा दोष माझा. मी नोकरी केली, लेकराशी पुरेसं बोलले नाही. नऊ वर्षं मी हे ऐकतेय आणि नऊ वर्षं हे शेजारी बसून खालमानेनं जेवताहेत.

मग यांच्या विभागात संशोधन आलं. ऑटिझम असलेल्या मुलांच्या मेंदूची रचना इतरांपेक्षा कुठे वेगळी असते, ते शोधायचं. यांना हुरूप चढला. "आता आईसमोर पुरावाच ठेवतो!" मशीनमध्ये हललं की फोटो वाया जातो, म्हणून टेबलाखाली तालीम सुरू झाली. पोरगी आडवी, आणि हे मशीनच्या आवाजासाठी डबा बडवताहेत. शेजारी काय म्हणाले असतील, देव जाणे. पण सहा आठवड्यांनी ती खरंच न हलता पडून राहिली आणि फोटो निघाला.

मोठ्या डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "एकट्या फोटोत काही दिसत नसतं हो. शेकडो मुलांची सरासरी काढावी तेव्हा कुठे जरासा फरक निघतो. आणि आईच्या वागण्याने ऑटिझम होत नाही, हे तर केव्हाच ठरलंय. त्याला फोटो कशाला हवा?"

हे तोंड पाडून घरी आले. रविवारी मात्र सासूबाईंपुढे एक फोटो धरला. त्यावर पेनाने गोल काढलेला. "आई, हे बघ. इथे. जन्मापासूनचंच आहे."

सासूबाईंनी चष्मा पुसला. "अगं बाई, किती ढळढळीत दिसतंय!" मग माझ्याकडे वळून म्हणाल्या, "तुझा काही दोष नाही गं."

मी यांना स्वयंपाकघरात गाठलं. "अहो, मुलीचा फोटो घरी आणता येतो?"

"छे! नियमात बसत नाही. तो माझ्याच मेंदूचा आहे. मशीन तपासताना काढलेला."

मी हसत सुटले. हसता हसता रडूच कोसळलं, संतापाचं. "गोल कसले काढता? हिचा दोष नाही, एवढंच तोंडाने सांगायचं होतं ना आईला! नऊ वर्षं!"

हे पुसलेलाच कप पुन्हा पुसत राहिले. पंचेचाळिशीचा माणूस, हळूच म्हणाला, "मला आईची भीती वाटते गं."