गंगव्वाचा बोल्ट

शांताक्कांची पिठाची गिरणी बेंबळीच्या रस्त्याला लागून आहे. गिरणीच्या घरघरीवर आवाज चढवून बोलायची त्यांना इतकी सवय, की ग्रामपंचायतीत साधं पाणी मागितलं तरी लोकांना वाटावं, बाई भांडायला आल्या. त्या दिवशी मात्र त्या खरोखरच भांडायला आल्या होत्या.

भांडण होतं एका जुन्या फौजी बंदुकीवरून. रझाकारांच्या काळातली ही बंदूक. नळीत शिसं ओतून ती केव्हाच निकामी केलेली. इतकी वर्षं महादेवाच्या देवळात पडून असायची, खंडेनवमीला गंधफूल वाहायला तेवढी बाहेर यायची. यंदा मुक्तिसंग्राम दिनाला ती काचेच्या पेटीत बसणार होती आणि खाली पितळी पाटी लागणार होती: 'रामलिंग आप्पांची बंदूक'. सरपंच उत्कर्ष हा रामलिंग आप्पांचाच नातू, हे वेगळं सांगायला नको.

शांताक्कांच्या घरची हकीकत वेगळी होती. निजामाच्या सरहद्दीवरच्या स्वातंत्र्यसैनिकांच्या कॅम्पातून गावात दोन बंदुका आल्या. झडतीच्या भीतीनं त्या खोलून तुकडे घराघरांत वाटले. कुणाच्याच घरी अख्खी बंदूक सापडायला नको. बोल्ट, म्हणजे गोळी नळीत ढकलणारा खटका, शांताक्कांच्या सासूकडे, गंगव्वाकडे आला. तिनं तो चुलीमागच्या राखेत पुरला आणि पुढ्यात भाकरी थापत बसली. झडतीला आलेल्या रझाकारानं तिच्या कानशिलात बंदुकीचा दस्ता हाणला. गंगव्वानं तोंड उघडलं नाही, पण तो कान कायमचा गेला. पुढे शांताक्का त्या घरात सून म्हणून आल्या आणि सासूशी ओरडून बोलायला शिकल्या.

"अक्का, या सगळ्या ऐकीव गोष्टी," उत्कर्ष म्हणायचा. "आजोबांची बंदूक पहिल्यापासून अख्खी होती."

भाषणात बंदुकीची जात सांगायची म्हणून गावातल्या शांतलिंगला बोलावलं. त्यानं फौजेत उभी नोकरी हत्यारं दुरुस्त करण्यात काढली होती. त्यानं बोल्ट काढून फडक्यावर ठेवला, वर्षानुवर्षांचं गंध घासलेटनं पुसलं आणि भिंग लावून बराच वेळ बघत राहिला.

"उत्कर्षा, ही एक बंदूक न्हाय," तो म्हणाला. "सांगाडा विलायती हाय. बोल्ट बंगालातल्या ईशापूर कारखान्याचा, त्येचा नंबर सांगाड्याशी जुळत न्हाय. दुसऱ्याच बंदुकीचा हाय त्यो. अन् दस्ता तर आपल्या बाभळीचा, हितल्याच सुतारानं केलेला."

शांताक्कांच्या डोळ्यांत टचकन पाणी आलं. पोलीस ॲक्शननंतर, हैदराबाद मुक्त झाल्यावर, गावानं आनंदाच्या भरात घरोघरचे तुकडे गोळा केले आणि दोन बंदुकांची सरमिसळ करून एक उभी केली. नंबर बघायची शुद्ध कुणाला होती! त्या चुकीनंच आज त्यांची सासू खरी ठरवली होती.

उत्कर्षला मात्र वेगळीच काळजी. "उद्या धाराशिवहून साहेब येणार. नंबर जुळत नाही म्हटल्यावर बंदूक नकली म्हणतील. शांतलिंगकाका, बोल्टवरचा तेवढा नंबर घासून टाका. सगळं एकसारखं दिसेल."

शांताक्का ताडकन उठल्या. त्यांनी फडक्यावरचा बोल्ट उचलला आणि मुठीत घट्ट धरला.

"घासतोस काय रे? कुणाला पुसून टाकायला निघालास? पाटीवर आप्पांचं नाव घाल की, माझी ना न्हाय. पर ज्या ज्या घरानं तुकडा लपिवला, त्या समद्यांची नावं घाल. गंगव्वाचं बी घाल. जमत नसंल तर आमचा तुकडा आमच्या घरी चालला."

"पण अक्का, बोल्ट नसला तर बंदूक अर्धवट दिसेल."

"दिसू दे. एकट्याची बंदूक अर्धवटच दिसायची."

शांतलिंग गडबडला. "अक्का, खाली ठेवा तेवढं. हत्याराचा भाग बिनपरवान्याचा घरात ठेवला तर गुन्हा हुतो."

शांताक्का दारात थांबल्या आणि गिरणीवर बोलतात त्याच आवाजात म्हणाल्या, "तवा बी गुन्हाच हुता. माझ्या सासूनं केला. आता म्या करते. पाठवा पोलीस."

बोल्ट पदरात बांधून त्या रस्त्याला लागल्या. त्यांना अडवायची कुणाची छाती झाली नाही. पाटी लावायला आलेला माणूस ड्रिल हातात घेऊन विचारत होता, भोकं पाडू का?